बार्शी लाईटचा माल धक्का, लातूर, जानेवारी १९३८: दीड फुटाच्या एका सीनची केस

केस लातूरच्या एका रिटायर्ड सरांची. गणिताचे सर, वय सत्तरीच्या पुढं, गच्चीवर पत्र्याची खोली आणि त्यात आठ बाय तीन फुटाचं मॉडेल रेल्वेचं टेबल. विषय जुनी बार्शी लाईट, म्हणजे ती अडीच फुटी नॅरोगेज जी १८९७ ला बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी सुरू झाली आणि १९११ ला लातूरला येऊन टेकली. रूळ नीट, वायरिंग नीट, गाडी न अडखळता फिरायची. सरांची तक्रार एवढीच की "गाडी फिरूलाली बघ, पण लातूर काही दिसंना." मी नांदेडहून सीनरी बघायला म्हणून गेलो, आणि टेबल बघितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळलं की कमी काहीच नाही, जास्त झालंय.

टेबलावर काय नव्हतं ते विचारा. स्टेशन, गंजगोलाई (लातूरची गोल बाजारपेठ), एक देऊळ, एक दर्गा, औशाचा किल्ला (लातूरपासून वीसेक किलोमीटरवर असतो तो, इथं स्टेशनपासून दीड वितीवर), आठवडी बाजार, लग्नाची वरात, विहीर, कुस्तीचा फड, आणि चाळीस-पंचेचाळीस माणसं. लग्नातल्या रुखवतासारखं सगळं मांडून ठेवलेलं, बघणाऱ्याची नजर कुठंच थांबत नव्हती. आणि माणसं जर्मन! रेडीमेड पाकिटातली, कोटपँटवाली, त्यांना वरून पांढरा रंग मारून धोतर केलेलं.

मी सरांना विचारलं, साल कोणतं धरलंय? सर म्हणाले "निजामाचा काळ." म्हणलं निजामाचा काळ म्हणजे सव्वादोनशे वर्षं, त्यातला दिवस कोणता? ते हसले पण मला खरंच दिवस पाहिजे होता. कारण दिवस ठरला की निम्म्या वस्तू आपोआप बाहेर जातात, तुम्हाला वादच घालावा लागत नाही.

सरांचे वडील १९३८ साली एका अडतीवर मुनीम म्हणून लागले होते, म्हणून साल तेच धरलं. महिना जानेवारी, संक्रांतीच्या आसपास, वेळ सकाळी नऊ. जानेवारी का, तर तूर नुकती निघालेली असते, कापसाचा सीझन चालू असतो, शेंगा आलेल्या असतात, म्हणजे माल धक्क्यावर वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी याच दिवसांत. सरांना स्टेशनवर सत्याग्रहींची तुकडी पण हवी होती, पण हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह त्या वर्षी ऑक्टोबरात सुरू झाला, जानेवारीत नाही. तुकडी गेली. १७ सप्टेंबर १९४८ चा, म्हणजे निजामाचं राज्य संपलं त्या दिवसाचा, तिरंगा पण गेला. वरात गेली कारण पौषात लग्न कोण लावतंय. किल्ला तर जाणारच होता.

गोलाईवर मात्र जोरात झाली. "लातूर दाखवायचं आन् गोलाई नाही? लोक शेण घालतील तोंडात." सरांचं बरोबर पण आहे, १९१७ ची गोलाई, सोळा रस्ते, लातूरची ओळखच ती. पण हिशोब सरांच्याच भाषेत मांडला. स्केल १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. म्हणजे एक फूट बाय दीड फूट जागेत खरी जमीन किती येते तर साधारण २६ मीटर बाय ४० मीटर. एवढ्यात एक शेड, एक सायडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ) आणि चार बैलगाड्या मावतात. गोलाई घ्यायची तर अख्खं टेबल तिलाच द्यावं लागतं आणि मग रेल्वे कुठं. सर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी फोन आला की ठीक आहे, धक्काच करू.

तर प्रश्न असा उरला: टेबलाच्या कोपऱ्यातल्या एक बाय दीड फुटात लातूरचा माल धक्का असा करायचा की इंजिन हललं नाही तरी बघणाऱ्याला कळावं हे बार्शी लाईट आहे, हे लातूर आहे, आणि सकाळची वेळ आहे.

रूळ आणि डबे

अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागा, ८.७६ येतं. बाजारात ९ मिमीचा एन गेज ट्रॅक मिळतो, तोच वापरतात सगळे. ऑस्ट्रियात ७६० मिमीच्या नॅरोगेज लाईनी आहेत, त्यामुळं तिथल्या कंपन्यांचे या मापाचे डबे-इंजिनं तयार मिळतात, चाकं आपल्या कामाची, वरचा सांगाडा नाही.

पण एन गेजचा ट्रॅक तसाच टाकला की गडबड होते. एक तर स्लीपर फार जवळजवळ असतात, कारण ते १:१६० साठी बनवलेले. एकाआड एक स्लीपर कापून काढला, राहिलेले सरकवून अंतर साधारण ९ मिमी केलं, लगेच गरीब लाईट रेल्वे दिसायला लागली. दुसरं म्हणजे रुळाची उंची. बार्शी लाईटचा मूळ रूळ एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा, म्हणजे उंची तीन इंचांच्या आसपास, स्केलमध्ये एक मिलिमीटरसुद्धा नाही. आणि साध्या एन ट्रॅकचा रूळ दोन मिमी, म्हणजे खऱ्यात सात इंच! राजधानी एक्सप्रेस जाईल त्यावरून. नवीन बारीक रूळ मागवायचा खर्च सरांना नको होता, तर मग सोपा उपाय, धक्क्यापाशी रूळ मातीत पुरला, वरचं डोकं तेवढं उघडं. यार्डात तसंही माती, कोळशाची भुकटी, सांडलेलं धान्य यांत स्लीपर बुडालेलेच असायचे. फक्त आतल्या बाजूला चाकाच्या कडेपुरती खाच ठेवायची, नाहीतर डबा उतरतो.

ह्या लाईनीची खरी मजा डब्यात आहे. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ही लाईन आखली तेव्हा त्याचा हिशोब असा होता की इंजिन असो की वाघिण (मालडबा), चाकांच्या कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलका रूळ चालतो आणि डबे मात्र मोठे करता येतात. म्हणून वाघिणी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, खाली बोगी, म्हणजे चाकांचा फिरता गाडा. अडीच फुटाच्या रुळावर सात फुटाचा डबा, जवळजवळ तिप्पट! स्केलमध्ये ८८ मिमी लांब, साडेचोवीस मिमी रुंद. हा फुगीर डबा आणि खाली तेवढासा रूळ, हे प्रमाण दिसलं की जाणकार माणूस लांबूनच "बार्शी लाईट" म्हणतो. म्हणून डब्याची बाजू न दाखवता डब्याचं टोक बघणाऱ्याकडं केलं. सायडिंग टेबलाच्या कडेला तिरकं घेतलं, म्हणजे रूळ, बोगी आणि रुंदी तिन्ही एका नजरेत येतात. इंजिन सीनमध्ये घेतलंच नाही. सरांना वाईट वाटलं पण माल भरायला वाघिण उभी असते, इंजिन कशाला थांबेल तिथं.

(चालत्या बार्शी लाईटमधून उतरून, लघुशंका करून परत गाडी पकडता येते हा जोक सरांनी मला त्या काळात इतक्या वेळा सांगितला की तो पण सीनमध्ये घालू म्हणत होते. नाही घातला.)

माती

बाहेरून मॉडेलचं सामान मागवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथं चुकतं, हिरवं गवत पसरून मोकळे होतात. लातूरची जमीन जानेवारीत हिरवी नसते, आणि धक्क्यावर तर नाहीच. सरांनी शेतातली खरी काळी माती पोतंभर आणून ठेवली होती, म्हणे अस्सल पाहिजे. अस्सल काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पातळ केलेल्या फेविकॉलनं ओली केली आणि वाळली की तिथंही भेगाच. आणि तीन मिलिमीटरची भेग म्हणजे स्केलमध्ये २६ सेंटिमीटर, बैलाचा पाय जाईल. उन्हाळ्यातल्या शेताला एकवेळ चालेल, रोज गाड्या जाऊन चोपलेल्या धक्क्याला नाही.

तर मग असं केलं. माती तव्यावर खरपूस भाजली, खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळणीतून आणि मग जुन्या धोतराच्या कापडातून चाळली. नंतर कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवला, आणि हे प्रत्येकानं करावं, कारण आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटारीत गेले की मोटार कुरकुरायला लागते. चुंबकाला दाढीच्या खुंटासारखा थर आला, सर बघतच राहिले. मग मातीत निम्मी बारीक वाळू आणि थोडी टाइल्सची पांढरी ग्राऊट पावडर. पांढरी का, तर माती फेविकॉलनं काळीकुट्ट होते, आणि दोन फुटावरून बघताना आपण खरं तर पावणेदोनशे फुटावरून बघत असतो, तेवढ्या लांबून रंग धुरकट आणि फिका दिसतो. थर अर्धा मिमीच्या वर नाही, खाली आधी तपकिरी-राखाडी रंग मारून ठेवलेला. भेग एक पण नाही. मग बैलगाडीची चाकोरी, ती ओल्यातच चाक फिरवून काढली.

गाजर गवताचा किस्सा सांगतो. सरांनी रुळाच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची छान झुडपं लावली होती, म्हणाले लहानपणापासून रुळाकडेला हेच बघतोय. बरोबर बघताय, पण गाजर गवत आपल्याकडं दिसायला लागलं तेच १९५५ नंतर, पुण्याकडून. १९३८ ला त्याचा पत्ता नाही. तसंच सोयाबीन. आज लातूर म्हणलं की सोयाबीन, सरांनी पोत्यांजवळ पिवळे दाणे सांडून ठेवले होते, पण आपल्याकडं सोयाबीनचा पेरा वाढला तो १९८० नंतर. तूर टाकली, लालसर. आठवण चांगली गोष्ट आहे पण ती स्वतःच्या काळातलं सामान मागच्या काळात नेऊन ठेवते, आणि आपल्याला कळत पण नाही. प्लास्टिकची बादली, सिमेंटचे खांब, नायलॉनची दोरी, हे सगळं याच वाटेनं आलं होतं आणि याच वाटेनं परत गेलं.

बैल

इथं मी जास्त वेळ घालवला आणि घालवावाच लागतो, कारण मराठवाड्यातला माणूस सीनमध्ये आधी बैल बघतो, रेल्वे नंतर.

पाकिटातली युरोपातली गाय काळी-पांढरी असते म्हणून सरांना वाटलं देवणी (आपल्याकडची बैलांची जात) म्हणून खपेल. रंग जवळपास जमतो पण वशिंड नाही, पोळी नाही, कान आडवे. देवणी बैलाला वशिंड पाहिजे, गळ्याखाली लोंबती पोळी पाहिजे, कान खाली पडलेले पाहिजेत. एम-सील मळून टाचणीच्या टोकानं वशिंड चढवलं, पोळीला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फेविकॉलमध्ये बुडवून, शिंगं केसाएवढ्या तांब्याच्या तारेची. आणि रंग पण वाटेल तसे ठिपके नाहीत. देवणीत वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवरा म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे डाग, बालंक्या म्हणजे पोटाखालच्या बाजूला डाग. आम्ही एक जोडी वानेरा केली, एक शेवरा, आणि तिसऱ्या गाडीला लाल कंधारी, नांदेडचा माणूस म्हणून तेवढा हट्ट माझा.

जोड्या जुंपलेल्या दाखवल्या नाहीत. गाड्या रात्री गावाकडून निघतात, पहाटे पोचतात, नऊ वाजता बैल सोडलेले असतात आणि कडबा खात बसलेले असतात. काही बैल बसलेले, काही उभे. बसलेला बैल बनवायला सोपा हा फायदा आहेच, पण मुख्य म्हणजे थांबलेली गोष्ट मॉडेलमध्ये खरी वाटते. पाय उचललेला माणूस, उडी मारणारं पोरगं, हे पाच सेकंद बरं दिसतं, सहाव्या सेकंदाला पुतळा होतं. म्हणून मी नेहमी म्हणतो की सीनमध्ये जी माणसं घ्याल ती खऱ्यातही मिनिटभर तशीच उभी राहतील अशी घ्या.

गाडीचं चाक पाच फुटी धरलं, साडेसतरा मिमी. आरे बांबूच्या काडीचे, तुंबा (चाकाचा मधला गट्टू) शिसपेन्सिलीचा तुकडा कोरून, धाव (चाकाची बाहेरची लोखंडी पट्टी) काळ्या कागदाची. चाक माणसाच्या खांद्याला येतं हे प्रमाण जपलं की बाकी थोडं इकडं-तिकडं चालतं.

माणसं

पंचेचाळीस वरून अकरा. प्रत्येकाला एक प्रश्न: तू इथं सकाळी नऊला का आलास? उत्तर नसेल तर डबीत परत.

राहिले ते असे. मधोमध तीन लाकडांच्या तिवईला टांगलेला मोठा तराजू आणि त्याच्याकडं बघणारा तोलार. त्याच्या बाजूला उभा शेतकरी, खांद्यावर घोंगडं, त्याची नजर पण काट्यावर. अडतीचा मुनीम वही घेऊन खाली बसलेला (सरांचे वडील, अर्थात). तीन हमाल. एक करोडगिरीचा शिपाई, कारण बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या मुलुखात, माल हद्द ओलांडणार म्हणजे जकात आली. एक रुमी टोपी आणि शेरवानीतले कारकून. एक बाई सांडलेली तूर सुपात गोळा करणारी. गाडीखाली झोपलेला गाडीवान, आणि त्याचं पोरगं.

तोलार, शेतकरी, मुनीम, शिपाई, चौघांच्या नजरा काट्यावर येतात, म्हणून बघणाऱ्याची नजर पण तिथंच जाते. वेगळा लाईट, वेगळा रंग काही लागला नाही.

हमाल बनवताना मी पोतं डोक्यावर दिलं होतं. शेजारचे एक आबा बघायला आले, त्यांचा जन्म हमालवाड्यातला, त्यांनी चष्मा वर करून सांगितलं, "डोस्क्यावर बाईची पाटी आस्ती रं, क्विंटलचं पोतं पाठीवर. मान खाली, हात मागं, आन् गुडघे जरा मोडलेले." तिन्ही हमाल परत वाकवले. पोती एम-सीलची, १० बाय ६ मिमी, ओल्यावर मलमलचा तुकडा दाबला की बारदानाचं विणकाम उमटतं. सगळी पोती एकसारखी साच्यातून काढू नका, भरलेलं पोतं खालच्या पोत्यावर बसतं, दबतं, म्हणून ओली असतानाच थप्पी मारायची आणि वरून बोटानं दाबायचं. थप्पी खरी वाटते ती त्या दबण्यामुळं.

बाकीचं पटकन. शेडचे पत्रे अॅल्युमिनियम फॉइलचे, पाच मिमीच्या पूर्ण आटे असलेल्या रॉडवर दाबून, त्याच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिमी असतं आणि खऱ्या पत्र्याची नाळ, म्हणजे एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचं अंतर, तीन इंची, म्हणजे ०.८८, एकदम जमतं. एकेक पत्रा वेगळा कापून चढवला, अखंड शीट नाही. मागं एक माळवदाचं घर अर्धंच, पांढऱ्या मातीचं सपाट छत, कारण उतरत्या कौलांचं घर टाकलं की ते कोकण होतं. कडुलिंबाचं एक झाड, वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचं, साडेबारा सेंटिमीटर. स्टेशनची पाटी फ्रेममध्ये घेतली नाही. पाटीवर कुठली लिपी कुठल्या क्रमानं होती याचा फोटो हाताशी नव्हता, आणि अंदाजानं लिहिलेली पाटी हे एकमेव ठिकाण असतं जिथं बघणारा वाचतो आणि चूक पकडतो. लाईट उजवीकडून खालच्या कोनात, पिवळसर एलईडीची एकच पट्टी, सावल्या लांब पडतात, सकाळ होते.

निकाल आणि उरलेली कटकट

सरांच्या घरी येणारे लोक आता आठ फुटाच्या टेबलातल्या त्या दीड फुटापाशी थांबतात आणि गाडी फिरत असते तिकडं बघत नाहीत, याचं सरांना थोडं वाईट पण वाटतं. बहुतेकांना लातूरची रेल्वे म्हणलं की २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची गाडीच आठवते, नॅरोगेज किती जणांनी बघितली, ती तर २००७-०८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र काही न विचारता "हे गंजातलं हाय ना?" म्हणलं. सर त्या दिवशी खूश.

कटकट पत्र्याच्या खोलीची आहे. मे महिन्यात ती खोली भट्टी होते. थ्रीडी प्रिंटचं साधं पीएलए प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि खिडकीच्या उन्हात काळा रंग दिलेली वस्तू तिथवर जाते. एका वाघिणीचं छत त्यानंच कंबर खचल्यासारखं बसलं. आता छत टिनच्या पत्र्याचं केलंय, सीनच्या दोन टोकांना रुळात फटी सोडल्यात आणि पत्र्याखाली थर्माकोल मारायचं काम चालू आहे. एम-सीलच्या माणसांना काही होत नाही, ती मजेत आहेत.

तुळशीच्या काड्यांना मात्र बारीक किडा लागला. झाड काढून उन्हात तापवलं, बोरिक पावडर घातलेल्या पाण्यात बुडवून वाळवलं, मग परत रोवलं. नवीन झाड करणाऱ्यानं हे आधीच करावं.

पुढचा दीड फूट कशाचा यावर सध्या आमचं चालू आहे. सरांना करोडगिरीचा नाका वेगळा करायचाय, टेबल, रजिस्टर, हाली शिक्का (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजांचा रुपया) म्हणून हुज्जत घालणारा व्यापारी, सगळं. मला पाण्याची टाकी आणि इंजिन पाहिजे, कारण निदान एकदा तरी ते एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांचं, किटसन कंपनीचं इंजिन करायचंय. सर म्हणाले आधी महिना सांग.